इंजिनालाही तिकीट लागतं

लंडनला किंवा मँचेस्टरला मुलाकडे राहायला गेलेले आईबाबा एखाद्या शनिवारी वाफेच्या गाडीत बसायला जातात. जुनं ठेवणीतलं स्टेशन, पितळी घंटा, टोपीवाला गार्ड, सगळं छान असतं. मग खिडकीवर तिकिटाचा भाव कळतो, आणि बाबा मनातल्या मनात शंभराच्या वरच्या कुठल्याशा आकड्याने गुणून गप्प होतात. पुण्याहून लोणावळ्याला लोकलने जितक्या पैशांत जाता येतं, तितक्यात इथे फलाटावरचा चहासुद्धा येत नाही. त्यातून खिडकीवरची बाई हसून विचारते, ‘तुम्ही ब्रिटनमध्ये कर भरता का?’ तिकिटाच्या खिडकीवर आयकराची चौकशी! आपल्याकडे कुणी असं विचारलं असतं, तर मागची रांग पुढे सरकली असती.

या गाड्यांच्या पैशाची रडकथा अधूनमधून बातम्यांतही येते. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या सेव्हर्न व्हॅली या अशाच एका रेल्वेचा ब्रिजनॉर्थ गावाजवळचा भराव खचला, मार्ग तुटला, आणि लगेच देणग्यांचं आवाहन निघालं. इतकं महाग तिकीट, वर राबणारी माणसं बरीचशी बिनपगारी, आणि तरी झोळी पुढेच. हे कसं? गणित फार अवघड नाही. फक्त ते रेल्वेचं गणित समजून सोडवायला गेलं, की चुकतं.

ही गाडी आहे कुणाची?

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची अरुंद रुळांची छोटी रेल्वे आहे. १८६५ पासून ती पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी धावत होती. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले आणि ती बंद पडणार हे उघड झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला एक सभा भरली. टॉम रोल्ट आणि त्यांच्यासारख्या रेल्वेवेड्या मंडळींनी ठरवलं, आपण चालवू. मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी टाउइनहून सुटली. जगात असं आधी कुणी केलं नव्हतं.

पुढे ब्रिटनच्या सरकारी रेल्वेने तोट्यातले हजारो मैलांचे मार्ग बंद केले. १९६३ चा त्या रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. बीचिंग यांचा अहवाल हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध प्रकरण. त्या उखडलेल्या किंवा उखडायच्या बेतात असलेल्या मार्गांचे तुकडे गावोगावच्या मंडळांनी वाचवले. त्यांनाच हेरिटेज रेल्वे म्हणतात: जुनी गाडी, जुना मार्ग, मुख्यतः पर्यटकांसाठी, आणि मागे स्वयंसेवकांची फौज. देशभर मिळून सुमारे २२ हजार स्वयंसेवक आणि ४ हजारांच्या आसपास पगारी माणसं हा गाडा ओढतात.

कागदावर मात्र एका रेल्वेच्या पोटात बहुधा दोन-तीन संस्था असतात. एक धर्मादाय ट्रस्ट, जो देणग्या घेतो आणि मौल्यवान वस्तू सांभाळतो. एक कंपनी, जी गाड्या चालवते आणि तिकिटं विकते. शिवाय एक सभासदांचं मंडळ, जे माणसं पुरवतं आणि चहाच्या किटलीपासून रंगाच्या ब्रशापर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद घालतं. देवस्थानचा ट्रस्ट, देवळाबाहेरची दुकानं आणि उत्सव समिती अशी वाटणी डोळ्यांपुढे आणली, की चित्र बरंचसं जुळतं. भांडणांसकट.

नाटकाचा प्रयोग

तिकिटाचा भाव ठरतो कसा, हे समजायला एसटीपेक्षा नाटकाचा प्रयोग बरा. प्रेक्षागृहाचं भाडं, नटांचं मानधन, सेटची गाडी, दिव्यांचं बिल: पडदा वर गेला की हा खर्च झालाच. समोर सत्तर माणसं बसोत की सातशे.

वाफेच्या गाडीचं तसंच आहे. इंजिन आदल्या दिवसापासून किंवा पहाटे अंधारात पेटवावं लागतं, कारण थंड बॉयलर घाईने तापवला तर तो बिघडतो. कोळसा टनांनी जातो. सिग्नलच्या केबिनमध्ये माणूस हवा, फाटकावर हवा, विमा हवा. शेवटच्या डब्यात एक आजोबा चढले म्हणून खर्च वाढत नाही, उतरले म्हणून कमीही होत नाही.

कल्पनेतले आकडे घेऊ. समजा दिवसाचा खर्च ६,००० पौंड आणि माणशी सरासरी तिकीट २० पौंड. ३०० माणसं आली की बरोबरी. ४०० आली तर २,००० पौंड शिल्लक, २०० आली तर तितकाच तोटा. आता कुणी म्हणालं, भाव उतरवा, गर्दी होईल. भाव १५ वर आणला तर बरोबरीला ४०० माणसं लागतात. म्हणजे भाव चौथाईने उतरवला तर माणसं एक तृतीयांशाने जास्त यायला हवीत, तेव्हा कुठे आपण होतो तिथेच येतो. ढगाळ मंगळवारी ही जास्तीची शंभर माणसं आणायची कुठून? उलट भाव २४ केला तर २५० पुरतात. ‘स्वस्त करा, लोक येतील’ हा सल्ला प्रत्येक सभेत कुणीतरी देतं आणि खजिनदार प्रत्येक वेळी पाण्याचा घोट घेतो, त्याचं कारण हे.

म्हणून सरसकट भाव कमी करण्यापेक्षा वेगवेगळे भाव लावतात. आगाऊ काढणाऱ्याला सवलत, कारण पैसे आधी हातात येतात आणि पावसाच्या भीतीने तो घरी बसत नाही. मुलांना स्वस्त, कारण एक मूल दोन मोठ्यांना घेऊन येतं आणि जाताना दुकानातली खेळण्यातली गाडी मागतं. पहिल्या वर्गाला जास्त. कोविडच्या काळात काही रेल्वेंनी माणशी तिकीट सोडून अख्खा कंपार्टमेंटच विकायला काढला. सक्तीतून आलेली ही युक्ती पुष्कळ कुटुंबांना आवडली, कारण दार लावलं की डबा आपला.

खरी कमाई मात्र साध्या फेऱ्यांत क्वचितच असते. जेवणाच्या गाड्या, दुपारचा चहा-केक, हौशी माणसाला इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनशेजारी उभं करून इंजिन चालवायला देणारे दिवस (त्याचे शेकड्यांनी पौंड घेतात, आणि लोक आनंदाने देतात), आणि सगळ्यांत वर डिसेंबरातल्या सँटा स्पेशल. गाडीत सँटाक्लॉज येतो, मुलांना भेटी देतो, आईवडील फोटो काढतात. कितीतरी रेल्वेंचं वर्ष या चार आठवड्यांवर तरतं. आपल्याकडे मिठाईवाल्याचं वर्ष दिवाळीवर तरतं, तसंच.

इंजिनाचं तिकीट

आता मुख्य मुद्दा. प्रवाशाचं तिकीट दिवसाचं असतं. इंजिनाचंही एक तिकीट असतं आणि ते साधारण दहा वर्षांचं. तिथले लोक बॉयलरच्या प्रमाणपत्राला ‘तिकीट’ असंच म्हणतात. दरवर्षी तपासनीस येऊन बॉयलर पाहतो, पण दहा वर्षं भरली की ‘तिकीट संपलं’. मग बॉयलर सांगाड्यावरून उचलायचा, आतल्या नळ्या काढायच्या, पत्रा झिजला असेल तिथे नवा घालायचा, चाकं, बेअरिंग, पिस्टन सगळं खोलून पाहायचं. या कामाला वर्षं जातात आणि मोठ्या इंजिनाला काही लाख पौंड लागतात. तोवर ते इंजिन एक पैसाही मिळवत नाही, शेडमध्ये तुकड्यातुकड्यांत पडून असतं.

किती लागू शकतात, याचं टोकाचं उदाहरण ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. २००४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने हे इंजिन २३ लाख पौंडांना घेतलं. ते नीट करून रुळावर आणायला २०१६ उजाडलं आणि दुरुस्तीला ४२ लाख पौंड लागले. घोड्यापेक्षा नाल महाग, तीही जवळपास दुपटीने.

देवळाचं उदाहरण पुन्हा घेऊ. रोजची पूजा, तेलवात, पुजाऱ्याची दक्षिणा हे पेटीतल्या पैशांतून भागतं. शिखराला तडा गेला की वेगळी पावतीपुस्तकं छापावी लागतात, जीर्णोद्धाराची. हेरिटेज रेल्वेत तिकिटाचे पैसे म्हणजे पेटी, आणि देणग्या म्हणजे जीर्णोद्धार. चांगल्या वर्षी पेटीतून थोडं उरतं, पण शंभर-दीडशे वर्षांचे पूल, बोगदे आणि भराव त्या उरलेल्यात बसत नाहीत. जून २००७ मध्ये एकाच पावसाने सेव्हर्न व्हॅली रेल्वेचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. पूर्ण २६ किलोमीटरचा मार्ग पुन्हा सुरू व्हायला मार्च २००८ उजाडला. तो देणग्यांनी आणि अनुदानांनी उभा राहिला. तिकिटं विकून हे जमवायचं म्हटलं असतं, तर गाडीच बंद होती!

त्यात कोळसा. वाफेच्या इंजिनांना मानवणारा वेल्सचा कोळसा मर्थर टिडफिलजवळच्या फॉस-इ-फ्रान खाणीतून येई. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता कोळसा दूरदेशांहून बोटीने येतो किंवा कोळशाच्या भुकटीचे दाबून केलेले गोळे वापरून पाहतात. भाव वाढला, आणि फायरमनच्या शिव्याही, कारण प्रत्येक कोळसा वेगळा जळतो.

‘पण सगळे फुकटच राबतात ना?’

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की स्वयंसेवक पगार घेत नाही, पण तो फुकट पडत नाही. त्याला शिकवावं लागतं, त्याची वैद्यकीय तपासणी करावी लागते, बूट-हातमोजे द्यावे लागतात, विमा काढावा लागतो. सुरक्षेचे नियम हौशी रेल्वे म्हणून माफ होत नाहीत. मोठ्या रेल्वेवर नजर ठेवणारं नियामक कार्यालय इथेही येतं. इंजिन पुसणारा पोरगा फायरमन आणि मग ड्रायव्हर व्हायला कितीतरी वर्षं लागतात.

शिवाय स्वयंसेवकाला शनिवार-रविवार सवड असते. बॉयलरची वेल्डिंग, हिशेब, बुकिंगचे फोन, स्वयंपाकघर यांना सोमवार ते शुक्रवार माणूस लागतो, आणि तो पगारी. मोठ्या रेल्वेच्या खर्चात पगार हा ठळक आकडा असतो. सभासदांच्या बैठकीत यावरून नेहमी ठिणगी पडते: ‘आम्ही फुकट राबायचं आणि ऑफिसातल्यांना पगार?’ गणपती मंडळात डेकोरेटरचं बिल वाचलं जातं तेव्हाचा सूर आठवा.

माझं मत विचाराल तर स्वयंसेवकांचं खरं मोल पगार वाचण्यात नाही. तीच माणसं सभासद असतात, शेअर घेतात, देणगी देतात आणि मृत्युपत्रात रेल्वेचं नाव घालतात. त्यांना दुखावून वाचवलेला पैसा महागात पडतो.

अडीच पौंड दिले, नऊच्या वर पोचले

आता खिडकीवरच्या त्या प्रश्नाकडे. ब्रिटनमध्ये ‘गिफ्ट एड’ नावाची सोय आहे. तिथला करदाता धर्मादाय संस्थेला १ पौंड देतो, तेव्हा त्यावर त्याने मूळ दराने भरलेला कर सरकार संस्थेकडे वळवतं. तो होतो २५ पेन्स. देणाऱ्याच्या खिशातून जास्त काही जात नाही.

पण तिकीट म्हणजे देणगी नाही. पैसे देऊन आपण काहीतरी घेतो. तर कायद्याने, संस्था धर्मादाय असेल आणि तिने जपलेला वारसा पाहायला दिलेला हा प्रवेश असेल, तर दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिली: प्रवेशाच्या भावापेक्षा किमान दहा टक्के जास्त, आपखुशीने द्या. मग अख्ख्या रकमेवर गिफ्ट एड मिळते. २५ पौंडांचं तिकीट असेल तर तुम्ही २७.५० देता. सरकार त्यावर ६.८८ घालतं. तुमचे गेले अडीच, रेल्वेला जास्तीचे मिळाले ९.३८. म्हणून ती बाई इतक्या गोडीने विचारते.

दुसरी वाट: त्याच तिकिटावर वर्षभर केव्हाही येण्याचा हक्क द्या. मग दहा टक्के जास्त देण्याचीही गरज नाही. २५ पौंडांवर ६.२५ मिळतात. वर्षातले मोजके खास दिवस, पाचपर्यंत, यातून वगळता येतात. ‘एकदा पैसे भरा, वर्षभर फिरा’ अशा पाट्या दिसतात त्या यामुळे. औदार्य आहे, पण त्यामागे हिशेबनीस बसलेला आहे.

‘मग लोक वर्षभर फुकटच फिरतील की!’

काही फिरतात. नाटकाचा हिशेब पुन्हा लावा: रिकाम्या खुर्चीवर कुणी बसलं तर नुकसान नाही, उलट तो मध्यंतरात वडा खातो. पण हाउसफुल्लच्या दिवशी पासवाल्याने खुर्ची अडवली, तर रोख पैसे देणारा दारातून परत जातो. म्हणून जिथे बहुतेक गिऱ्हाईक दूरवरून सुट्टीला आलेलं असतं आणि वर्षभरात पुन्हा फिरकणार नसतं, तिथे ही युक्ती सोन्यासारखी. मोठ्या शहराला खेटून असलेल्या रेल्वेने ती जपून वापरावी. तिथले आजीआजोबा नातवंडांना दर पंधरवड्याला घेऊन येतील, आणि दुसऱ्या वर्षी तिकिटांचा गल्ला पाहून खजिनदाराला घाम फुटेल.

‘लाखो जमवता, आणि वीजबिलाला पैसे नाहीत?’

देणगीदारांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे होतो. पुलासाठी म्हणून गोळा केलेला पैसा पुलालाच लावावा लागतो. असा हेतूला बांधलेला निधी ट्रस्टला दुसरीकडे वळवता येत नाही. लग्नासाठी मामाने दिलेले पैसे वडिलांनी दुकानाच्या उधारीत घालायचे नाहीत, तसंच. फरक इतकाच की इथे मामाच्या पाठीशी कायदा आहे. त्यामुळे ट्रस्टच्या खात्यात दहा लाख पौंड आणि कंपनीला फेब्रुवारीचे पगार भागवायची भ्रांत, हे एकाच वेळी खरं असू शकतं. फेब्रुवारी मुद्दाम म्हटलं. सँटाचे पैसे संपलेले, ईस्टर लांब, आणि हिवाळ्यात दुरुस्तीची कामं काढलेली.

हे वेगवेगळे खिसे कटकटीचे वाटतात, पण वेळ आली की तेच वाचवतात. लँगॉलन रेल्वेची गाड्या चालवणारी कंपनी मार्च २०२१ मध्ये कर्जात बुडाली. तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. ट्रस्ट वेगळा होता म्हणून रेल्वे मात्र मेली नाही. त्याच उन्हाळ्यात गाड्या पुन्हा धावल्या आणि २०२३ मध्ये मार्ग कॉर्वेनपर्यंत पोचला.

मागण्याची कला

बांधील पैसा मिळवणं सोपं आणि मोकळा पैसा मिळवणं महाकठीण, कारण माणूस इंजिनाला देतो, गटारदुरुस्तीला देत नाही. म्हणून सगळी हुशारी मागण्याच्या शब्दांत असते. १९९० मध्ये काही रेल्वेवेड्या मंडळींनी ‘टॉर्नेडो’ हे नवंकोरं वाफेचं इंजिन बांधायचं ठरवलं. आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाइतके पैसे द्या, एवढंच मागणं. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या या छोट्या रकमांनी मोठा भार उचलला आणि २००८ मध्ये सुमारे ३० लाख पौंडांचं इंजिन तयार झालं. ब्लूबेल रेल्वेला ईस्ट ग्रिनस्टेडला पोचायचं होतं, पण वाटेतल्या खोदमार्गात गावाने घरगुती कचरा भरून ठेवला होता. त्यांनी तो कचरा उचलण्यासाठी दहा-दहा पौंड मागितले. लोकांनी चक्क कचऱ्याला पैसे दिले! त्यातला बराचसा कचरा रेल्वेनेच वाहून नेला आणि मार्च २०१३ मध्ये गाडी पोचली.

शेअरही विकतात. ग्लॉस्टरशायर-वॉरिकशायर रेल्वेने ब्रॉडवेपर्यंतचा मार्ग शेअर विकून उभा केला. २०१८ मध्ये तो सुरू झाला. यात लाभांशाची आशा कुणी धरत नाही. फार तर फुकट प्रवासाचे पास मिळतात. आमच्या आजोबांच्या पिढीने साखर कारखान्याचे शेअर घेतले ते निदान साखरेसाठी.

आणि मृत्युपत्रं. धर्मादाय संस्थेला ठेवलेल्या रकमेवर ब्रिटनमध्ये वारसा कर लागत नाही, त्यामुळे मूलबाळ नसलेले रेल्वेप्रेमी पुष्कळ ठेवून जातात. ही रक्कम मोठी असते, पण अंदाजपत्रकात मांडता येत नाही. कोण कधी जाईल याचा तक्ता कुठला खजिनदार करील?

माथेरानला हे लागू आहे का?

फारसं नाही. नेरळ-माथेरान १९०७ पासून धावतेय, पण ती मध्य रेल्वेची, म्हणजे सरकारची. २०१९ च्या पावसात तिचा मार्ग वाहून गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा सुटली, ती सरकारी पैशावर. पावतीपुस्तक घेऊन कुणाला फिरावं लागलं नाही. गाडी किती दिवस बंद ठेवायची, यात कुणी आपल्याला विचारलंही नाही. गंमत म्हणजे माथेरानसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉप्पल कंपनीने बांधलेल्या चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडात लेटन बझर्डच्या स्वयंसेवकांच्या रेल्वेकडे पोचलं. रुळांची रुंदी तीच, दोन फूट.

तर खिडकीवर काय सांगायचं?

पर्यटक व्हिसावर असाल आणि तिथे कर भरत नसाल, तर सरळ ‘नाही’ म्हणायचं. संकोच नको, आणि भिडेखातर ‘हो’ तर मुळीच नको. गिफ्ट एड म्हणजे कुणीतरी भरलेला कर. जो भरलाच नाही तो सरकार वळवणार कुठून? खोटं ‘हो’ नोंदवलं तर ती रक्कम देणाऱ्याकडून वसूल होऊ शकते. पण मुलगा तिथे नोकरी करत असेल, तर पाकीट त्याला काढू द्या. त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने घरच्यांची तिकिटं काढली, तर तो ‘हो’ म्हणू शकतो. आईबाबा घरचेच. गाडी सुटायला वेळ असेल तर कॅन्टीनमध्ये चहा घ्या आणि भावाकडे पाहू नका. तो चहा करणाऱ्या आजींनाही बहुधा पगार नसतो.